गोडबाई बोलतेय

फोन वाजला तेव्हा कडूबाईच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हाताची बोटं ओली होती. टेबलावर भिजवलेल्या कागदाची गुंडाळी उलगडून ठेवली होती. तिच्यात रांगेनं मांडलेलं काकडीचं बी उगवून आलं होतं आणि निवड चालली होती: धड कोंब एकीकडे, वाकडेतिकडे दुसरीकडे, नुसतंच कुजलेलं बी तिसरीकडे. बियाणं कंपनीच्या तपासणी लॅबमध्ये हेच काम. जालन्यात अशा कंपन्या बऱ्याच, त्यातली ही एक मधली. या वेळी फोन येतो तो गोडाऊनमधून काकासाहेबांचा, नमुने कधी पाठवू ते विचारायला, हे तिला पाठ झालेलं होतं. स्क्रीनकडे न बघताच तिनं करंगळीनं फोन घेतला, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि म्हणाली, "हॅलो, गोडबाई बोलतेय." पलीकडून कोंबडी कलकलल्याचा आवाज आला, लांबून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न आला, मग एक बाई जराशी ओशाळून म्हणाली, "राँग नंबर लागला वाटतं, बाई," आणि फोन बंद झाला. आवाज मायचा होता.

कडूबाईला आधी हसू आलं. मायला फोन लावता येत नाही. भाऊ, सुग्रीव, नंबर लावून तिच्या हातात देतो आणि गोठ्याकडे निघून जातो, म्हणजे आत्ता माय अंबडच्या पलीकडच्या त्या घराच्या ओट्यावर उभी राहून सुग्रीवला धड नंबर लावता येत नाही म्हणून बोल लावत असणार. परत फोन करायचा आणि म्हणायचं, अगं मीच होते, एवढं सोपं काम. पण तिचा हात चिमट्यावरच राहिला. मायनं आपल्याला ओळखलं नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटणार होतंच, पण त्याच्या आधी एक वेगळीच चौकशी तिच्या मनात सुरू झाली. मायनं नेमकं काय ओळखलं नाही? आवाज तर तोच. पोटात असल्यापासूनचा, असं माय म्हणते. मग नाव ओळखलं नाही, हे उघड. पण नाव ऐकून तरी माय म्हणाली असती, कोण गोडबाई, माही पोरगी कुठंय. तेही नाही. सरळ राँग नंबर. मग तिच्या ध्यानात आलं की ती नुसती गोडबाई नाही म्हणाली, ती 'बोलतेय' म्हणाली. घरात कुणी बोलतेय म्हणत नाही. घरात म्हणतात बोलून राह्यले. एवढ्याशा वाक्यात तीन शब्द, त्यातला हॅलो तेवढा मायच्या ओळखीचा, आणि तो तर साऱ्या जगाचा.

नाव पडलं त्या दिवशी मात्र मजा आली होती, हे तिला कबूल करावं लागत होतं. लॅबमध्ये रुजू झाली तेव्हा इन्चार्ज वंदना मॅडमनी आधारकार्ड हातात धरून विचारलं होतं, "कडूबाई? खरंच?" आणि मग सगळ्यांकडे वळून, "अगं, आपण काकडी नि दुधीचं बी विकतो, आणि तपासायला कोण, तर कडूबाई. शेतकऱ्याला कळलं तर वेल उपटून आणून दारात टाकेल." सगळे हसले. तीही हसली, कारण गोष्ट खरीच गमतीची होती. काकडी कडू निघाली ही या धंद्यातली सगळ्यात वाईट तक्रार. बी कितीही चांगलं उगवो, फळ चाखल्यावर माणूस थू करून टाकतो तेव्हा कंपनीचं नाव जातं. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "आम्ही तुला गोडबाई म्हणू. दिसतेस पण गोड." मॅडम गोऱ्या, नीटस, कॉटनच्या कडक साड्या नेसणाऱ्या, शिकून आलेल्या पुण्याला, माहेर जालन्यातच. अशा बाईनं पहिल्याच दिवशी लाडकं नाव द्यावं. संध्याकाळी तिनं नवऱ्याला, पप्पूला, ते सांगितलं होतं. सळईच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेला पप्पू भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, "चला, माह्या बायकोची चव कुणाला तरी कळली." दोघं पोट धरून हसले होते.

कडूबाई हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. तिच्या आधी मायची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी झाली तेव्हा मायनं कुणालाच विचारलं नाही, कडुलिंबाचा पाला वाटून त्याचं बोट पोरीच्या ओठाला लावलं, पोरगी ट्यांहां करून रडली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि माय म्हणाली, झालं, आता हिला कोणी तोंड लावणार न्हाई. कोणी म्हणजे काळ. हे तिला लहानपणी शंभरदा ऐकवलेलं. घराण्यात मेंढ्या-शेळ्यांचं वेड जुनं, शेती आता आली. सातेक वर्षांची असताना शेळ्यांना लिंबाचा डहाळा घालता घालता कडूनं मायला विचारलं होतं, "शेळ्या तर लिंबाचा पाला आवडीनं खात्यात. मंग काळाला बी कडू आवडत असलं तर?" मायनं तिच्या मुस्कटात मारली होती आणि मग तिला पोटाशी धरून बराच वेळ सोडलं नव्हतं. प्रश्न काही सुटला नव्हता. पुढं लग्नात पप्पूच्या घरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, नवरीचं नाव बदलून शिवानी लिहायचं ठरवलं, तेव्हा शांत स्वभावाची माय मांडवात आडवी आली. "बाकी काय बी बदला, साडी बदला, गाव बदला. नावाला हात लावू नका." पप्पूनं तांदळात अंगठीनं कडूबाई असं लिहिलं, 'डू'चा उकार जरा लांब गेला, आणि भांडण मिटलं. तेव्हा तिला मायची लाज वाटली होती. चार बायकांत एवढं काय ते नावाचं.

आणि आता ते नाव कंपनीच्या गेटबाहेर राहत होतं. गोडबाई आत येत होती, डबा ठेवत होती, पांढरा कोट घालत होती. लाडाचं नाव कामाचं कधी झालं ते सांगता येत नाही, पण झालं. गोडबाई, कागद भिजव. गोडबाई, ते टेबल पुस. चहा आला की मॅडम म्हणायच्या, "साखर कमी आहे, गोडबाई, जरा बोट बुडव गं," आणि हसण्याची एक लाट टेबलावरून पलीकडे जायची. काकडीचं टोक कापून त्याच जागी घासलं की फेस येतो आणि कडूपणा निघून जातो, हे घराघरात करतात. एकदा तिच्याकडून एक नमुना चुकीच्या ट्रेमध्ये गेला तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिचं पण टोक कापून घासायला पाहिजे. फेस निघेल चांगला." त्या दिवशी पहिल्यांदा कडूबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला होता. संक्रांतीला मॅडमनी सगळ्यांना तिळगूळ वाटला, तिच्यापुढं आल्यावर डबा मागं ओढला आणि म्हणाल्या, "तुला कशाला, तू तर आधीच गोड. नुसतं गोड बोल. करून राह्यले, जाऊन राह्यले असलं नको." तेव्हापासून तिनं राह्यले सोडलं. सोडायला फार कष्ट पडले नाहीत. तोंडाशी आलं की गिळायचं. लॅबच्या बैठकांची वेळ बदलली की तिला कुणी सांगायचं नाही, मग ती उशिरा पोचायची, मग "या, गोडबाई, मुंग्या लागल्या होत्या का वाटेत?" प्रत्येक गोष्ट एवढीशी. हातात धरून दाखवायला जावं तर हातात काही नसायचं.

तशी ती एकदा गेलीही होती दाखवायला. कर्मचाऱ्यांचं बघणारे साहेब वरच्या मजल्यावर बसत, खुर्ची दाखवत, पाणी विचारत. म्हणाले, "बोला, काय त्रास आहे?" ती म्हणाली, "मॅडम मला गोडबाई म्हणतात." साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुढं काहीतरी येईल म्हणून. "बरं. आणि?" आणि काय. चहात बोट बुडव म्हणतात, टोक कापू म्हणतात, हे त्या खोलीत, त्या एसीत, तोंडातून काढावंसं वाटेना. साहेब समजुतीनं म्हणाले, "अहो ताई, माझ्याकडं लोक शिव्यांच्या तक्रारी घेऊन येतात. तुम्हाला तर गोड म्हणतात." जिना उतरताना तिला त्या साहेबांचा राग आला नव्हता. बरोबरच होतं त्यांचं. एखाद्यानं ओवाळताना निरांजन जरासं जवळ आणून भुवई भाजावी, आणि आपण काय सांगणार, की मला ओवाळलं? तिला तेव्हाही कुतूहलच वाटलं होतं, की हे जमतं कसं. शिवी न देता शिवी कशी देतात, ते शिकवतात का कुठं.

लॅबमधली जुनी तपासनीस सुमेधा आता नांदेडला निघाली होती, नवऱ्याची बदली झाली म्हणून. तपासणीच्या अहवालाखाली तिची सही आणि छापील नाव असायचं. तिच्यानंतर वेलवर्गीय भाज्यांच्या अहवालावर सही करायची ती कडूबाईनं, हे कामाच्या क्रमानं ठरल्यासारखंच होतं. सुमेधानंच तिला हे सगळं शिकवलं होतं. पगारात फार काही नव्हतं. पण छापील नाव. कंपनीतून बाहेर जाणारा कागद आणि त्याच्या खाली आपलं नाव. तिला ते फार हवं होतं, इतकं की ती ते कुणाला सांगत नव्हती. आणि गेल्या आठवड्यात मॅडमनी तिला सुमेधा नि काकासाहेबांदेखत प्रेमानं सांगितलं, "हे बघ गोडबाई, काकडीच्या रिपोर्टखाली कडूबाई छापलं तर डीलर दात काढतील. नाव बदलून घे. ऍफिडेव्हिट कर, गॅझेटला दे, मी ओळखीचा वकील देते. हैदराबादच्या मुख्य ऑफिसचे साहेब येतील तेव्हा मला नाव पक्कं सांगायचंय. नाहीतर प्रांजलीचं टाकते." प्रांजली म्हणजे नवीन आलेली पोरगी, अजून चिमटा धरताना जिचा हात थरथरतो. कडूबाई म्हणाली होती, "बघते, मॅडम." साहेब उद्या यायचे होते. मायलाही फोन करायला आजचाच दिवस सापडला.

निवड पुढं सरकत होती. धड, वाकडं, धड. तिला वाटलं, आपण रोज इथं उगवलेलं बी बघतो, मोडलेलं का मोडलं ते बघतो. पाणी जास्त झालं, कागद वाळला, बुरशी आली, काहीतरी कारण असतंच. मग त्या शब्दाला का नाही बघायचं असं कागद उलगडून? तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. गोडबाई. शब्द वाईट नाही. गोडबाई नावाची एखादी आजी असू शकते, देवळापुढं बसून वाती वळणारी. मग त्याला काटा कुठून आला? दुपारी थंड खोलीत नमुने ठेवायला ती आणि मॅडम दोघीच गेल्या. दार जाड, आत फक्त यंत्राची घरघर, श्वासाची वाफ दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "तो वरचा डबा दे. नाही, त्याच्या शेजारचा. अगं, हं, हाच." कडूबाई डबे देत राहिली आणि वाट पाहत राहिली. शब्द आला नाही. मॅडमनी तिला हे बघ म्हटलं, अगं म्हटलं, ऐक म्हटलं, पण गोडबाई म्हटलं नाही. दार उघडून दोघी बाहेर आल्या, समोर टेबलाशी काकासाहेब नमुन्यांच्या पिशव्या घेऊन उभे होते, बाजूला प्रांजली, आणि मॅडमचा पाय उंबऱ्यावर असतानाच, "चल गं गोडबाई, गारठलीस का?" कडूबाई जागच्या जागी थांबली. तिनं मागचे महिने आठवून पाहिले, एकेक प्रसंग काढून उन्हात धरला. दोघीच असताना एकदाही नाही. एकटीला त्या काहीच म्हणत नाहीत. म्हणजे तो शब्द माझ्यासाठी नाहीच, असं तिच्या मनात आलं आणि तिला इतकं आश्चर्य वाटलं की राग यायचा राहून गेला. तो काकासाहेबांसाठी आहे. तो प्रांजलीसाठी आहे. मी नुसतं ताट आहे, वाढणं त्यांना.

मग उरलेला दिवस ती मॅडमकडे बघत बसली. अशी माणसं आतून दुखावलेली असतात, असं मोबाईलवर कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून तिनं मॅडमसाठी एखादं दुःख शोधायचा मनापासून प्रयत्न केला. नवरा चांगला, डब्यात रोज काहीतरी खास पाठवणारा. मुलगा हुशार. सासू प्रेमळ. तब्येत ठणठणीत. मॅडम फोनवर कुणाशी तरी हसत होत्या, खिडकीतल्या झाडाला पाणी घालत होत्या, छान बाई होत्या. कडूबाईला शेवटी मानावं लागलं की त्यांना काहीच झालेलं नाही. त्यांना फक्त आवडतं. जसं कुणाला सुपारी आवडते. या शोधानं तिला का कोण जाणे मोकळं वाटलं. निदान त्यांची कीव करायचं काम तरी डोक्यावरून उतरलं. घरी निघताना कोट काढत असताना प्रांजली जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं खरं नाव काय आहे? मला मॅडमनी कधी सांगितलंच न्हाई." कडूबाई तिच्याकडे बघत राहिली. उत्तर द्यायला जरा वेळ लागला, आणि वेळ लागला हेच तिला नंतर रिक्षात बोचत राहिलं.

पप्पू त्या दिवशी लवकर आला होता. ओसरीवर बसून तो पायाची बोटं मोजत असल्यासारखा चोळत होता; भट्टीजवळ उभं राहून पाय सुजतात. तिनं त्याला मायचा फोन सांगितला. तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "पण म्हणत्यात तर गोडच ना. शिवी तर देत न्हाईत."

"तुला कारखान्यात काय म्हणत्यात?"

"पप्पूच म्हणत्यात. फोरमन कधी भडकला तर आईवरून देतो. मंग मी बी देतो. झालं, चहा प्यायचा." त्याला हे सगळं बिलकुल सरळ होतं. ती म्हणाली, "एक काम कर. मी आत भाकरी टाकते. मधीच कधी तरी मला गोडबाई म्हणून हाक मार. सांगून न्हाई, अचानक." "कामून?" "मला बघायचंय." पप्पूनं खांदे उडवले. ती आत गेली, परात घेतली, पीठ मळलं, तव्यावर पहिली भाकरी टाकली, गावाकडचं काही काही मनात आलं आणि हाक मारायचं सांगितलंय हे ती विसरूनही गेली. बाहेरून आवाज आला, "गोडबाई." "जी," असं ती म्हणाली, लॅबमध्ये म्हणते तसंच. म्हणाली म्हणजे तिच्या तोंडातून ते आधीच निघून गेलं होतं. मान वळली होती, पदर सावरला गेला होता, ओठांवर एक हसू येऊन बसलं होतं जे तिचं नव्हतं. भाकरी करपायला लागली. चुलीची धग तोंडावर येत होती आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. मॅडमची नाही. त्या जी-ची. पप्पू दारात येऊन उभा राहिला. त्यानं ते हसू पाहिलं असावं, कारण तो काही न बोलता आत आला आणि भाकरी उलटवली. "हे बराबर न्हाई," एवढंच म्हणाला.

त्या जी-चा विचार करताना तिला झोप लागली आणि उठली तेव्हाही तोच विचार चालू होता. शब्द मॅडमचा, पण त्याची दुसरी बाजू माझी. त्यांनी म्हणायचं आणि मी ओ द्यायची, असं दोघींनी मिळून ते नाव चालवलंय. ओ दिली नाही तर काय होईल, हे तिला खरंच माहीत नव्हतं. नोकरी जाईल कदाचित. सही तर जाईलच. छापील नाव डोळ्यासमोर आलं. पण ओ न देऊन काय होतं ते न बघता राहणंही आता जमेल असं वाटेना. लिंबाचा डहाळा हातात धरून तो प्रश्न विचारणारी पोरगी अजून कुठं गेलेली नव्हती.

हैदराबादचे साहेब साधेच निघाले. पोट सुटलेले, चष्मा कपाळावर, गुडघे दुखत असल्यानं हळूहळू चालणारे. कोंब यायला बी ठेवतात त्या उगवणीच्या कपाटापुढं ते थांबले. मॅडम त्यांच्या बाजूला, मागं काकासाहेब, सुमेधा, प्रांजली, आणि टोकाला कडूबाई. मॅडम वळून गोड आवाजात म्हणाल्या, "गोडबाई, साहेबांना काकडीचा लॉट दाखव." कडूबाईच्या घशाशी जी आलं. राह्यले गिळायची तिला सवय होती. तिनं तेही गिळलं. मान वळू दिली नाही. समोरच्या भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर हिरवीगार काकडी, तिच्यावर पाण्याचे थेंब काढलेले. मॅडमना वाटलं ऐकू गेलं नाही. "गोडबाई?" काकासाहेब सवयीनं हसायला लागले, आणि मग ते हसू ठेवायला जागा न मिळाल्यानं खोकले. कपाटाचा पंखा फिरत होता. हा शब्द आजवर इतका वेळ एकटा कधी राहिलाच नव्हता. तिनं तो पहिल्यांदाच पुरता ऐकला. साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. "कौन है ये गोडबाई? आज आए नहीं क्या?"

मॅडमच्या तोंडावर एक गोंधळ येऊन गेला. "है ना सर, यही है," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. साहेब तिच्याकडे वळले. "सुनाई नहीं देता क्या अम्मा?"

"सुनाई देता, साब," कडूबाई म्हणाली. आवाज कापत होता, तो कापू दिला. "वो मेरा नाम नहीं. मेरा नाम कडूबाई है."

"कडू बोले तो?"

"कडवी."

साहेबांची भुवई वर गेली. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ककडी के लॅब में?" आणि खळखळून हसले. सुटका झाल्यासारख्या मॅडम हसल्या, काकासाहेब हसले, सुमेधाच्याही ओठांचा कोपरा हलला. आणि गंमत म्हणजे कडूबाईलाही हसू आलं, पहिल्या दिवशीसारखं, आपलं स्वतःचं. तोच विनोद. कुणालाही सुचावा असा, तिचं नाव ऐकलं की सुचणारच. मॅडमची त्यात काही करामत नव्हती. हसू ओसरायची वाट बघून ती म्हणाली, "एक बार सब हँसते साब. हँसना बी चाहिए. रोज नहीं हँसते."

 साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिच्याकडे बघितलं. मॅडमकडे मात्र बघितलं नाही, हे कडूबाईच्या नजरेतून सुटलं नाही. "बराबर है," ते म्हणाले, कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "लॉट बताव." तिनं गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली. साहेब वाकून बघत राहिले, एक कोंब बोटानं सरळ केला आणि विचारलं, "सुमेधा के बाद ककडी का साइन कौन करते?" मॅडम म्हणाल्या, "सर, उसमें जरा नाम का इश्यू है, वो बदल के ले रही है, तब तक प्रांजली..." प्रांजली एकदम म्हणाली, "काम तर कडूबाई ताईच करतात," आणि लाल होऊन खाली बघायला लागली. साहेब वैतागले. गुडघे दुखत असावेत. "नाम-वाम कायको बदलते? आधार पे जो है वोच डालो. नहीं तो ऑडिट में लफडा होता." एवढं बोलून ते पुढच्या कपाटाकडे गेले. ना कुणाचा न्याय केला, ना कुणाची बाजू घेतली. त्यांना ऑडिटची काळजी होती. कडूबाईला वाटलं, चालतंय. पाऊससुद्धा कुठं कुणाची बाजू घेऊन पडतो.

साहेबांची गाडी गेली आणि लॅब रिकामी झाली. कडूबाई ओले कागद गोळा करत होती तेव्हा मॅडम आत आल्या. दोघीच होत्या. मॅडम दारात उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, आणि कडूबाईला एकाएकी कळलं की त्या शब्द शोधतायत. गोडबाई म्हणायला समोर कुणी नव्हतं. अगं म्हणावं तर आता तेही कमी पडत होतं. तिनं कागद खाली ठेवले आणि उत्सुकतेनं वाट पाहिली. आतापर्यंत आयुष्यात तिनं फार थोड्या गोष्टींची अशी वाट पाहिली होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, थंड, जरा जपून, एकेक अक्षर सुटं करून, "कडूबाई. फार शहाणी झालीस. बघू आता किती दिवस टिकतेस ते."

"जी, मॅडम," कडूबाई म्हणाली. धमकी होती ती, खरी होती, आणि पुढचे महिने सोपे जाणार नव्हते हेही तिला कळत होतं. पण हाक बरोबर ठिकाणी येऊन लागली होती. मॅडम निघून गेल्या. तिनं हात पुसले, फोन घेतला, सुग्रीवचा नंबर लावला. त्यानं काही न विचारता फोन मायच्या हातात दिल्याचं ऐकू आलं. लांबून शेळी ओरडली. माय सावधपणे म्हणाली, "कोण?"

"मी कडू बोलून राह्यले, माय."

पलीकडे माय खाली बसल्याचा, गुडघ्यावर हात टेकल्याचा आवाज आला.

"बोल."